‘बॅक दाबू नका’ सांगण्याआधी सर्व्हर सुधारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भरतीचा अर्ज असो, परीक्षा शुल्क असो की पालिकेची घरपट्टी, ऑनलाइन पैसे भरताना एक लाल ओळ हमखास दिसते: ‘कृपया हे पान रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका, सबमिट एकदाच दाबा.’ एवढे बजावूनही शेवटच्या तारखेला कुणाचे पैसे दोनदा कापले जातात, कुणाच्या नावे दोन अर्ज क्रमांक निघतात. चौकशी केली की ठरलेले उत्तर मिळते, ‘तुम्हीच दोनदा दाबले असेल.’ दाबलेही असेल. पण दोनदा दाबल्यावर दोन नोंदी होणे हा बांधणीतला दोष आहे. तो घालवण्याचे उपाय जुने आहेत, फुकट आहेत आणि वेबचे काम करणाऱ्या कुणालाही माहीत असायला हवेत असे आहेत. ते निविदेत लिहिले जात नाहीत आणि काम ताब्यात घेताना कुणी तपासत नाही. म्हणून हे पत्र, जरा सविस्तर.

दुबार अर्ज येतो कुठून? घाईत दोनदा दाबणे हे एक कारण आहेच. एमएस-सीआयटीच्या वर्गात आयकॉनवर डबल क्लिक करायला शिकलेले कितीतरी लोक वेबवरचे बटणही दोनदाच दाबतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण बऱ्याचदा माणसाने एकदाच दाबलेले असते. मोबाइलवरून अर्ज सर्व्हरपर्यंत पोचतो, नोंद होते, आणि ‘झाले’ हा निरोप परत येताना नेमकी रेंज जाते. फोनला वाटते काहीच झाले नाही. चक्र फिरत राहते. माणूस पुन्हा दाबतो. त्याने दुसरे काय करावे?

यूपीआयने यात आणखी एक भर घातली. पैसे भरायला यूपीआय ॲप उघडले की कमी मेमरीच्या फोनमध्ये अँड्रॉइड मागचा ब्राउझर बंद करून टाकतो. पिन टाकून परत यावे तर पान नव्याने लोड होते. म्हणजे नागरिकाने बोटही न लावता रिफ्रेश झालेले असते! लाल ओळ वाचून त्याने काय साधले?

तिसरे कारण बाहेरून दिसतच नाही. बहुतेक ठिकाणी मूळ यंत्रणेच्या पुढे एनजिनएक्ससारखा मध्यस्थ सर्व्हर असतो. मागून उत्तर यायची तो, बदल केला नसेल तर, ६० सेकंद वाट पाहतो आणि मग ‘५०४ गेटवे टाइम-आउट’ दाखवून मोकळा होतो. मागची यंत्रणा मात्र काम करतच असते. मुदतीच्या रात्री गर्दीत तिला ७० सेकंद लागले, की पडद्यावर टाइम-आउट आणि डेटाबेसमध्ये अर्ज जमा, अशी स्थिती होते. ५०४ चा अर्थ ‘अर्ज गेला नाही’ असा होत नाही. ‘काय झाले ते कळले नाही’ एवढाच होतो. या दोन वाक्यांतला फरक पडद्यावर लिहायचे कष्ट फार थोडी संकेतस्थळे घेतात.

आता मुळाशी येऊ. ब्राउझर सर्व्हरशी एचटीटीपीच्या नियमांनी बोलतो आणि प्रत्येक विनंतीला एक पद्धत असते: गेट, पोस्ट, पुट, डिलीट वगैरे. सध्याचा नियमग्रंथ म्हणजे जून २०२२ चा आरएफसी ९११० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज). त्यात दोन गुण सांगितले आहेत. पहिला ‘सेफ’: या विनंतीने सर्व्हरवर काही बदलायचे नसते, फक्त माहिती मागायची असते. गेट अशी आहे. दुसरा ‘आयडेम्पोटंट’: विनंती एकदा आली काय, पाचदा आली काय, अंती स्थिती तीच राहते. पुट (‘या पत्त्यावर हे ठेव’) आणि डिलीट (‘हे काढून टाक’) या प्रकारच्या; गेटही अर्थात. अर्ज क्रमांक ४५१ काढून टाका असे दोनदा सांगितले तर दुसऱ्यांदा ‘सापडला नाही’ असे उत्तर येईल, पण जे झाले ते एकदाच. पोस्टला यांतला एकही गुण नाही. पोस्ट म्हणजे ‘हे घे आणि कामाला लाग’. दोनदा आली तर काम दोनदा.

हे पुस्तकी वाटेल, पण सगळे इंटरनेट या गुणांवर भरवसा ठेवून चालते. मधेच कनेक्शन तुटले तर ब्राउझर आणि प्रॉक्सी (वाटेतले मध्यस्थ सर्व्हर) गेट विनंती आपोआप पुन्हा पाठवू शकतात. पोस्टच्या बाबतीत त्यांनी तसे करू नये असा नियम आहे. एनजिनएक्सदेखील २०१६ मधल्या १.९.१३ या आवृत्तीपासून एका सर्व्हरकडे गेलेली पोस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे आपणहून वळवत नाही, कुणी तो पर्याय मुद्दाम चालू केला नसेल तर. म्हणून ज्याने काही बदलते ते काम गेटवर ठेवणे हा पहिला आणि सर्वांत घातक दोष. ‘रद्द करा’, ‘मंजूर करा’, ‘पैसे भरा’ या साध्या लिंक असतात तेव्हा ती लिंक कोण उघडेल याचा नेम नसतो. मे २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सेलरेटर नावाची सोय आणली. पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायच्या म्हणजे वेग वाढतो, अशी कल्पना. ज्या वेब ॲप्समध्ये ‘डिलीट’ ही साधी लिंक होती तिथे लोकांचा मजकूर कुणी न दाबता पुसला जाऊ लागला. गूगलवर खूप टीका झाली, पण नियम मोडला होता तो लिंक ठेवणाऱ्यांनी.

आजही तेच चालू आहे, नाव फक्त बदलले. कार्यालयीन ईमेलमधल्या लिंक सुरक्षा-तपासणीची यंत्रे माणसाच्या आधी उघडून पाहतात. एकदाच चालणारी ‘खाते पक्के करा’ ही लिंक अशी यंत्रानेच वापरून टाकलेली असते, आणि माणसाला दिसते ‘लिंकची मुदत संपली’. जाहिरातींच्या मेलमधून एका क्लिकवर नाव काढण्याची पद्धत जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०५८ मध्ये ठरवताना ती विनंती पोस्टच असली पाहिजे असे सांगितले गेले ते याच कारणाने. उपाय सोपा: लिंकने फक्त पान उघडावे, आणि त्या पानावरच्या बटणाने पोस्ट पाठवावी.

गेटचा आणखी एक तोटा गोपनीयतेचा. गेटमधली सर्व माहिती पत्त्याच्या ओळीत दिसते. आधार क्रमांक, जन्मतारीख, मोबाइल हे सगळे ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये साठते. ई-सेवा केंद्रातल्या सामायिक संगणकावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. उलट चूकही दिसते: निकाल शोधणे, उतारा पाहणे, यादी चाळणे यासाठी पोस्ट वापरायची. मग तो शोध ना बुकमार्क करता येतो, ना कुणाला पाठवता येतो, आणि बॅक दाबले की ‘कन्फर्म फॉर्म रिसबमिशन’चे (फॉर्म पुन्हा पाठवायचा का, असे विचारणारे) पान समोर. नुसते बघायचे असेल आणि माहिती खासगी नसेल तर गेट. काही नोंदायचे, बदलायचे, भरायचे असेल तर पोस्ट. अडचण एवढीच की एचटीएमएलच्या साध्या फॉर्मला सर्व्हरकडे पाठवायला गेट आणि पोस्ट या दोनच पद्धती येतात. पुट, डिलीट वापरायचे तर जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) लागते.

पोस्ट निवडली की पुढचे पाऊल रिफ्रेशचे. पोस्टच्या उत्तरातच ‘अर्ज जमा झाला’ हे पान दिले, तर ब्राउझरच्या लेखी ते पान त्या पोस्टचेच असते. रिफ्रेश केले की ती पोस्ट पुन्हा जाते. मधे एक इशारा येतो, तो न वाचता लोक ‘कंटिन्यू’ दाबतात. त्याऐवजी नोंद झाल्याबरोबर सर्व्हरने ३०३ या क्रमांकाचे (‘आता दुसऱ्या पत्त्यावर जा’ असे सांगणारे) उत्तर द्यावे आणि सोबत पावतीच्या पानाचा पत्ता. ब्राउझर ते पान गेटने आणतो. आता शंभर वेळा रिफ्रेश करा, शंभर वेळा पावतीच दिसेल. यूपीआय ॲपमधून परतल्यावर ब्राउझरने पान पुन्हा लोड केले तरी बिघडत नाही. ही पद्धत वर्षानुवर्षे वापरात आहे आणि बहुतेक फ्रेमवर्कमध्ये (संकेतस्थळ बांधायच्या तयार सांगाड्यांत) एका ओळीचे काम आहे.

इथे क्रमांक नीट निवडावा लागतो. ३०२ ने बहुतेक ब्राउझर तेच करतात, पण त्याचा मूळ नियम संदिग्ध होता. ३०३ म्हणजे नि:संशय ‘आता गेटने जा’. ३०७ आणि ३०८ मात्र पद्धत तशीच ठेवतात, म्हणजे नवीन पत्त्यावरही पोस्टच जाते. पावतीकडे पाठवायला ते वापरले तर केलेले सगळे फुकट. उलटा सापळा ३०१ चा. फॉर्मचा पत्ता चुकून साध्या एचटीटीपीचा ठेवला आणि सर्व्हर ३०१ ने सुरक्षित एचटीटीपीएसकडे वळवत असेल, तर ब्राउझर सहसा पोस्टची गेट करतो, भरलेली माहिती वाटेत गळते आणि नागरिकासमोर कोरा फॉर्म येतो. तो बिचारा पुन्हा भरतो, पुन्हा कोरा. पुरवठादार महिनाभर ‘आमच्याकडे चालतेय’ म्हणत राहतो, कारण त्याच्या बुकमार्कमध्ये एचटीटीपीएसचा पत्ता असतो.

३०३ ने रिफ्रेशचा प्रश्न सुटतो. डबल क्लिकचा आणि तुटलेल्या रेंजचा सुटत नाही. तिथे बहुतेक जण बटण बंद करण्यावर भागवतात. बटण जरूर बंद करा, पण नीट. ते क्लिकच्या क्षणी बंद केले तर काही ब्राउझरमध्ये फॉर्म जातच नाही. फॉर्मच्या सबमिट घटनेवर, म्हणजे फॉर्म पाठवला जातो त्या क्षणी, बंद करावे, म्हणजे एंटर दाबून पाठवणाराही त्यात येतो. बंद बटणाचे नाव आणि मूल्य सर्व्हरकडे जात नाही, तेव्हा ‘जतन करा’ आणि ‘सादर करा’ अशी दोन बटणे असतील तर घोळ होतो. आणि बॅक दाबून आल्यावर ब्राउझर पान जसेच्या तसे मेमरीतून काढतो, बटण बंदच राहते, माणूस अडकतो. त्यासाठी पेजशो घटनेवर (पान पुन्हा दिसते त्या क्षणी) ते पुन्हा चालू करावे लागते. एवढे करूनही ही फक्त वरवरची सोय. जावास्क्रिप्ट लोड व्हायच्या आधी दाबणारा, दुसऱ्या टॅबमधून पाठवणारा, रेंज गेल्यावर पान पुन्हा उघडणारा यांना बटण अडवू शकत नाही.

खरा बंदोबस्त सर्व्हरवर. पूर्वी खिडकीवरच्या कारकुनाकडे छापील क्रमांकांचे पावतीपुस्तक असे; एका क्रमांकावर दोन पावत्या फाडणे शक्यच नव्हते. तेच इथे करायचे. फॉर्म दाखवतानाच सर्व्हरने एक लांब, यादृच्छिक क्रमांक तयार करून फॉर्ममध्ये लपवलेल्या रकान्यात ठेवायचा. सबमिट झाल्यावर तो क्रमांक डेटाबेसच्या तक्त्यात लिहायचा आणि त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट) लावायचा. दुसरी विनंती तोच क्रमांक घेऊन आली की डेटाबेस स्वतःच ती नाकारतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस १०६२ ही त्रुटी देतो, पोस्टग्रेस हा २३५०५.

इथे एक चूक इतकी सर्रास दिसते की तिच्यावर थांबावेच लागेल. प्रोग्रामर आधी ‘हा क्रमांक आहे का’ असे डेटाबेसला विचारतो, ‘नाही’ आले की नोंद करतो. कागदावर बरोबर. पण डबल क्लिकच्या दोन विनंत्या काही मिलिसेकंदांच्या अंतराने येतात आणि दोन वेगवेगळे प्रोसेस त्या हाताळतात. पहिली विचारते, ‘नाही’. तिची नोंद व्हायच्या आत दुसरी विचारते, तिलाही ‘नाही’. दोघी नोंद करतात. एकट्याने बसून केलेल्या चाचणीत हे दिसत नाही. मुदतीच्या रात्री दिसते. म्हणून विचारत बसायचे नाही. थेट लिहायचा प्रयत्न करायचा आणि निवाडा युनिक इंडेक्सवर सोडायचा. पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून ‘इन्सर्ट… ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (लिही, पण आधीच असेल तर काही करू नको) ही आज्ञा आहेच. किती ओळी लिहिल्या गेल्या ते पाहिले की पहिली विनंती कोणती ते कळते.

आणि दुसरी विनंती पकडल्यावर माणसाच्या तोंडावर लाल अक्षरात त्रुटी फेकू नका. त्याचे काम झालेले असते. त्याला पहिलीच पावती दाखवा. पहिली अजून चालू असेल तर ‘काम सुरू आहे’ सांगा आणि काही सेकंदांनी पान स्वतःच स्थिती विचारेल असे करा. क्रमांक तोच पण आतली माहिती वेगळी असेल, तेव्हा मात्र नकार द्यावा, कारण तिथे काहीतरी गडबड आहे.

अशा क्रमांकाऐवजी ‘एका मोबाइलवर एकच अर्ज’ असा नियम लावणारी मंडळी आहेत. घरात फोन एक आणि उमेदवार तीन, हे आपल्याकडे नवे नाही. ई-सेवा केंद्राचा चालक तर दिवसभर स्वतःचाच मोबाइल टाकत असतो. भरतीत ‘एक पद, एक उमेदवार, एक अर्ज’ असा नियम असेल तर पद आणि उमेदवार क्रमांक या जोडीवर युनिक इंडेक्स अवश्य लावा. पण तक्रार निवारणासारख्या ठिकाणी एकच माणूस एकाच दिवशी नळाच्या दोन तक्रारी खरोखर करू शकतो. तिथे फॉर्मचा क्रमांकच कामाचा. तो क्रमांक लॉगिनला एक असा ठेवू नये, उघडलेल्या प्रत्येक फॉर्मला वेगळा द्यावा, नाहीतर दोन टॅबमध्ये दोन भावांचे अर्ज भरणाऱ्याचा एक बाद होतो. सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या संकेतस्थळावरून खोटी विनंती येऊ नये म्हणून फॉर्ममध्ये ठेवलेली खूण) म्हणजे हाच क्रमांक असा समजही चुकीचा आहे: ते बहुधा संपूर्ण लॉगिनभर एकच असते आणि दुबार अर्जाला आरामात आत सोडते.

फॉर्म लांबलचक असेल तर मला त्याहून बरी वाटणारी रचना अशी: अर्ज सुरू करतानाच मसुदा क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येक ‘जतन करा’ ही त्या क्रमांकावरची पुट ठेवायची. संपूर्ण पान दहादा जतन झाले तरी अर्ज एकच. बदल मात्र ‘थकबाकी १२०० करा’ अशा रूपात पाठवावा, ‘थकबाकीतून ५०० वजा करा’ अशा नव्हे. दुसरे वाक्य दोनदा पोचले की हजार वजा होतात.

पैशांच्या बाबतीत यावर एक थर चढतो, कारण मधे पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी मध्यस्थ सेवा) आणि बँक येते. पैसे भरून झाल्यावर बँकेचे पान नागरिकाच्या ब्राउझरमार्फत मूळ संकेतस्थळाकडे परतते. तेवढ्यात फोन बंद पडला तर संकेतस्थळाला काहीच कळत नाही. ते ‘फेल्ड’ दाखवते, माणूस पुन्हा पैसे भरतो. दुहेरी वसुलीचे हे नेहमीचे मूळ. त्यासाठी निकाल ब्राउझरवर अवलंबून ठेवायचाच नाही. गेटवे थेट सर्व्हरला वेगळा निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात; तो ऐकायचा, त्याची डिजिटल सही (तो खरोखर गेटवेकडूनच आल्याची खूण) तपासायची, आणि तोच निरोप दोनदा येऊ शकतो हे धरून तिथेही युनिक इंडेक्स लावायचा. निरोप आला नाही तर दर काही मिनिटांनी गेटवेकडे ऑर्डर क्रमांकाने स्थिती विचारायची. उत्तर येईपर्यंत ‘प्रलंबित’ दाखवायचे, ‘फेल्ड’ कधीच नाही. आणि त्याच बिलाचे पैसे पुन्हा भरायला कुणी आले, तर नवी ऑर्डर काढण्याआधी जुनीची चौकशी पूर्ण करायची.

कुकी म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण; दुसऱ्या संकेतस्थळावरून येणाऱ्या विनंतीसोबत ती कधी पाठवायची हा सेमसाइट नियम क्रोमने २०२० मध्ये कडक केल्यापासून आणखी एक भानगड झाली आहे. बँकेच्या पानावरून परत येणारी विनंती पोस्ट असेल तर तिच्यासोबत लॉगिनची कुकी येईलच असे नाही. पैसे कापले गेले आणि समोर ‘कृपया लॉगिन करा’ हे पान! घाबरून माणूस पुन्हा सुरुवात करतो. परतीच्या पत्त्यावर लॉगिन तपासू नये. ऑर्डर क्रमांक आणि सही तपासावी, नोंद करावी आणि ३०३ ने पावतीकडे पाठवावे. त्या पुढच्या गेटसोबत कुकी येते आणि लॉगिन शाबूत असते.

ज्यांचे पैसे अडकतात त्यांच्यासाठी एक मुद्दा स्पष्ट करायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण विक्रेत्याकडे पुष्टी पोचली नाही असा कार्डाचा ऑनलाइन व्यवहार किंवा यूपीआय व्यवहार असेल, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हे अयशस्वी व्यवहारांसाठी आहे. दोन्ही व्यवहार यशस्वी झाले आणि दोन्ही रकमा कार्यालयाच्या खात्यात जमा झाल्या, तर बँकेच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते. तिथे परतावा फक्त ते कार्यालय देऊ शकते, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी लेखी अर्ज, रद्द केलेला चेक आणि हेलपाटे. म्हणून दोन्ही व्यवहारांचे बँक संदर्भ क्रमांक (यूपीआयचा १२ अंकी असतो) लगेच लिहून ठेवावेत आणि मागणी करताना दोन्ही द्यावेत. पहिला व्यवहार अडकला असे वाटले तर दुसरा करण्याआधी बँकेचा संदेश आणि खात्याचे विवरण पाहावे.

शासकीय कार्यालये, मंडळे, विद्यापीठे यांच्या निविदांत एवढ्या अटी घालायला काय हरकत आहे: बदल करणारे कोणतेही काम गेटवर नसावे, प्रत्येक पोस्टनंतर ३०३, प्रत्येक फॉर्मला क्रमांक आणि डेटाबेसात युनिक इंडेक्स, पैशांचा रोजच्या रोज ताळमेळ, आणि एका बिलावर दोन यशस्वी रकमा आढळल्या तर दुसरी नागरिकाने अर्ज न करता ७ दिवसांत त्याच खात्यात परत. तपासणीला अर्धा तास पुरतो आणि तज्ज्ञ लागत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग सर्वांत कमी करून सबमिट भराभर पाच वेळा दाबा. पावतीवर रिफ्रेश करा. बॅक जाऊन पुन्हा पाठवा. सबमिट दाबताच फोन फ्लाइट मोडवर टाका, मिनिटभराने काढा आणि पुन्हा पाठवा. चाचणीचे पैसे भरून, बँकेचे पान परतायच्या आत टॅब बंद करा. प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये नोंदी मोजा. एकाहून जास्त निघाली तर पुरवठादाराचे शेवटचे बिल थांबवा, आणि ती लाल ओळ तोवर पानावरून काढू नका.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे